उशाजवळचा पेला

मावशीच्या खाटेशेजारच्या छोट्या टेबलावर स्टीलचा पेला होता. सकाळी अकरा वाजता मी तो काठोकाठ भरलेला पाहिला आणि दुपारी चार वाजता पुन्हा गेले, तेव्हाही पाणी त्याच रेघेवर होते. खोली स्वच्छ होती. चादरीवर इस्त्रीच्या घड्या होत्या, खिडकीत मनीप्लांट होता, भिंतीवर मंगेशीच्या देवळाचे छायाचित्र होते आणि लादीवरून नुकतेच फिनेल फिरवलेले होते. त्या दिवसापर्यंत मी भेटेल त्याला सांगत होते की मावशीला आम्ही चांगल्या ठिकाणी ठेवले आहे. पेला तिच्या उजव्या बाजूला होता आणि पक्षाघाताने तिचा उजवाच हात गेलेला होता.

मी खाटेपाशी उभी होते तेव्हा झारखंडची एक विशीतली मुलगी आत आली. ती तिथे मदतनीस होती. तिने मला सहज विचारले, "दीदी, आजी दिनभर उदक-उदक बोलती रहती है, यह क्या होता है?" उदक म्हणजे पाणी. आमच्या घरची बोली कोंकणी. पक्षाघातानंतर मावशीच्या तोंडात जे मोजके शब्द उरले होते, त्यांत हा एक होता आणि तो तिने त्या मुलीला दिवसभर ऐकवला होता. मुलीचा काही दोष नव्हता. ती मावशीशी प्रेमाने वागत असे, तिचे केस नीट विंचरत असे. या शब्दाचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नव्हता, आणि सांगायला हवा हे त्या घरात कोणाच्या, माझ्याही, ध्यानात आलेले नव्हते.

मी चौतीस वर्षे हिशेबतपासणीच्या कामात काढली. एखाद्या खात्याचे कागद चोख असले म्हणजे ते खाते चोख चालते असे नाही, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी उमगले होते. तरीही मावशीसाठी जागा निवडताना मी इमारत पाहिली, दरपत्रक पाहिले, व्यवस्थापकांचे बोलणे ऐकले आणि होकार दिला. जे डोळे मी दुसऱ्यांच्या वह्यांसाठी वापरले, ते स्वतःच्या माणसासाठी वापरायला मला अकरा आठवडे लागले. या लेखाचे कारण तेच आहे.

मावशीचा जन्म 1938 सालचा, गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीतला. गावच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, एक मास्तर मराठी शाळा चालवत, तिथे ती शिकली. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा ती फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत पहिली-दुसरीचेच वर्ग घेत राहिली. लग्न केले नाही. गावातल्या तीन पिढ्या तिला "बाई" म्हणतात. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटला, उजवे अंग लुळे पडले आणि बोलणे विस्कटले. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, सतरा दिवस काढून ती माझ्या पणजीच्या फ्लॅटवर आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझी कंबर आधीच अधू. एजन्सीने पाठवलेल्या केअरटेकर चार महिन्यांत तीनदा बदलल्या. मग आम्ही जागा शोधू लागलो.

शोधायचे म्हटले तर पहिली अडचण शब्दाचीच येते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचे छोटे खाजगी इस्पितळ, जिथे बाळंतपणे होतात, अपेंडिक्स काढतात आणि चार दिवसांनी रुग्ण घरी जातो. जिथे माणूस आयुष्याची उरलेली वर्षे राहतो आणि रोज कोणीतरी त्याला आंघोळ घालून, भरवून, कुशीवर वळवून सांभाळतो, त्या जागेला मराठीत धड नाव नाही. वृद्धाश्रम म्हटले की डोळ्यांपुढे हिंडती-फिरती माणसे आणि अंगणातले बाक येतात. गोव्यात जुने लोक "आझिल" म्हणतात. आश्रय अशा अर्थाच्या पोर्तुगीज "आझिलो"वरून तो शब्द आला. म्हापशाचे जुने सरकारी इस्पितळ अजूनही कित्येकांच्या तोंडी आझिलोच आहे. मादरींनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, चालवलेली आझिले, प्रोवेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेची पोर्तुगीज काळापासूनची निवासगृहे आणि अलीकडे निघालेली खाजगी सशुल्क घरे, असा हा सगळा पसारा. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे शंभरात 8.6 होती आणि गोव्यात 11.2. त्यातून ज्यांची मुले बोटीवर, आखातात किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, अशी घरे प्रत्येक वाड्यावर आहेत. जागांची गरज वाढत जाणार हे उघड आहे. त्या तपासायच्या कशा, हे मात्र कोणी शिकवत नाही.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे निवास काढण्याची तरतूद आहे आणि त्यांचा दर्जा ठरवण्याचे काम राज्य सरकारकडे दिलेले आहे. त्या कायद्याचा भर मुलांनी आईवडिलांना पोसावे यावर आहे, आणि ते योग्यच आहे. पण पैसे मोजून ठेवलेल्या वृद्धाच्या पाठीवरची चादर उचलून पाहणारे कोणी असावे, याची मला दिसेल अशी व्यवस्था माझ्या वाट्याला आली नाही. खाजगी वृद्धनिवासांच्या नोंदणीची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक 2019 साली लोकसभेत आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे चादर उचलण्याचे काम आपल्याकडेच राहते.

ती मी उचलली, त्या पेल्याच्या दिवशीच. माकडहाडावर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा लाल डाग होता आणि मधली त्वचा सोलून निघालेली होती. वैद्यकीय भाषेत याला शय्याव्रण म्हणतात, घरोघरी बेडसोअर. सतत एका जागी भार पडला की हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा चिरडते, तिथले रक्त थांबते आणि काही तासांत पेशी मरू लागतात. निरोगी त्वचेवर बोट दाबून उचलले तर ती क्षणभर पांढुरकी होते आणि पुन्हा लाल होते. व्रणाची सुरुवात झालेली त्वचा पांढुरकी होतच नाही. ही पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने पाहावे लागते. वरची त्वचा फाटली की दुसरी पायरी, खालची चरबी उघडी पडली की तिसरी, स्नायू किंवा हाडापर्यंत पोहोचला की चौथी. मावशी दुसऱ्या पायरीवर होती. ते व्रण भरून यायला सात आठवडे लागले.

खाटेच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता टांगलेला होता. दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी, डावी, असे रकाने आणि प्रत्येकापुढे सही. मी तो पाहिला आणि माझ्या जुन्या धंद्याने मला हाक मारली. आठवड्याभरच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या, एकाच दमात लिहिलेल्या होत्या. रात्री दोनची सही आणि दुपारी दोनची सही सारख्याच टवटवीत होत्या. माझ्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती आणि तक्त्यात संध्याकाळी सहाची सही आधीच पडलेली होती. नोंद म्हणजे घडलेल्या गोष्टीची सावली. ही सावली वस्तूच्या आधी येऊन उभी होती.

मी रागावले, हे खरे. पण घरी आल्यावर कागद घेऊन बसले आणि आकडेमोड केली, तेव्हा राग कोणावर करावा हे अवघड झाले. त्या घरात बावीस जण होते, त्यांतले नऊ पूर्ण अंथरुणाला खिळलेले. रात्री आठ ते सकाळी सहा या दहा तासांत दोन मदतनीस. एका जड माणसाची कूस नीट बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, टाचा गादीपासून उचलायच्या, तर दोघींना मिळून पाच मिनिटे लागतात. नऊ जणांची पंचेचाळीस मिनिटे, रात्रीतून पाच फेऱ्या, म्हणजे दोनशे पंचवीस मिनिटे. नऊ जणांचे डायपर रात्रीतून दोनदा बदलायचे, प्रत्येकी दहा मिनिटे, आणखी एकशे ऐंशी. सहाशे मिनिटांपैकी चारशे पाच दोघींची मिळून संपली. उरलेल्या एकशे पंच्याण्णव मिनिटांत तेरा जणांना संडासाला नेणे, घंटेला उठणे, औषधे देणे, कोणाला उलटी झाली तर चादर बदलणे आणि स्वतः चार घास खाणे. कागदावर हे कसेबसे बसते. दोघींपैकी एक आजारी पडली, किंवा एक म्हातारे बाबा न्हाणीघरात पडले, की दोघींनी मिळून करायचे प्रत्येक काम त्या रात्री होत नाही. आणि तक्ता तर भरावाच लागतो. खोट्या सह्या त्या मुलींनी केल्या होत्या, पण त्या करण्याची वेळ त्यांच्यावर माणसांचा हिशेब मांडणाऱ्याने आणली होती. त्यानंतर मी कोणत्याही जागी पहिला प्रश्न हाच विचारते: अंथरुणाला खिळलेले किती आणि रात्री जाग्या असणाऱ्या किती?

आरोग्यसेवेच्या दर्जाचे मोजमाप कसे करावे याचा पाया आवेदिस दोनाबेदियन या डॉक्टरांनी घातला. जन्म बेरूतचा, अर्मेनियन घराणे, पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक. 1966 सालच्या एका लेखात त्यांनी दर्जा तीन अंगांनी पाहायला सांगितले: रचना, म्हणजे इमारत, साधने, माणसे, प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्षात काय केले जाते, आणि परिणाम, म्हणजे त्या माणसाचे शेवटी काय झाले. हे वाचले तेव्हा माझी चूक मला नावानिशी सापडली. मी रचना पाहून परिणाम गृहीत धरला होता. आपण सगळेच ते करतो, कारण रचना एका भेटीत दिसते. प्रक्रिया पाहायला वेळीअवेळी जावे लागते आणि परिणाम पाहायला माणसाच्या अंगाला हात लावावा लागतो.

परिणाम म्हणजे काही गूढ गोष्ट नाही. पहिले वजन. मावशी माझ्या घरून गेली तेव्हा सत्तेचाळीस किलो होती, अकरा आठवड्यांनी त्रेचाळीस. अमेरिकेत अशा घरांच्या तपासणीत महिन्यात पाच टक्के, तीन महिन्यांत साडेसात किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन नकळत उतरणे ही धोक्याची खूण मानतात. मावशीचे साडेआठ टक्के उतरले होते आणि त्या घरात वजनकाटाच नव्हता. मग त्वचा: माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे, आणि ऑक्सिजनची नळी लावत असतील तर कानामागची जागा. नखे आणि तोंडाची आतली बाजू. जीभ कोरडी आणि पांढरी असेल तर पाणी पोहोचत नाही. वयाबरोबर तहान लागण्याची जाणीवच मंदावते, त्यामुळे म्हातारे माणूस मागत नाही म्हणजे त्याला नको आहे असे समजणे चूक. पाणी कमी पडले की लघवीला जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते आणि त्या वयात तो पुष्कळदा तापाऐवजी भ्रमाच्या रूपाने येतो. "आजी आज जरा वेड्यासारखे करतात" असे कोणी सांगितले तर आधी पेला पाहावा. मावशीची गिळण्याची तपासणी गोमेकॉत झाली होती. सरळ बसवून, घोटाघोटाने साधे पाणी द्यायला हरकत नाही असे लिहून दिलेले होते. म्हणजे तिला पाणी पाजायला माणूस बसायला हवे होते आणि पाच मिनिटे हवी होती. पुन्हा गणित तिथेच येते.

शांततेबद्दलही मला सांगायचे आहे, कारण तिने मला सर्वांत जास्त फसवले. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथली दुपार किती निवांत वाटली होती! नंतर कळले की कित्येकांना रात्री झोपेची गोळी दिली जात असे आणि तिचा अंमल दुसऱ्या दुपारपर्यंत टिकत असे. मावशीच्या औषधांच्या यादीतही एक गोळी वाढलेली होती, जी कोणत्याच डॉक्टरने मला सांगितलेली नव्हती. मार्क बीअर्स या अमेरिकी वैद्याने 1991 साली म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, ती मुळात अशाच निवासांतल्या लोकांसाठी होती. एका बाबांना चाकाच्या खुर्चीला मऊ पट्ट्याने बांधलेले मी पाहिले होते आणि "पडू नयेत म्हणून" हे उत्तर मला तेव्हा पटलेही होते. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असे बांधणे किंवा गुंगवणे याला मनाई केली. बांधलेले माणूस हालचाल हरवते, हालचाल हरवली की स्नायू जातात, आणि मग ते खरोखरच पडण्याइतके दुबळे होते.

तिकडे अमेरिकेत सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देते, हे ऐकून मला पहिल्यांदा हेवा वाटला. 2008 साली सुरू झालेली ती पद्धत तपासनीसांचा अहवाल, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांच्या स्थितीचे मोजमाप, अशा तीन पायांवर उभी आहे. यांतले शेवटचे दोन पाय सुरुवातीला त्या त्या घराने स्वतःच कळवलेल्या आकड्यांवर होते. कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकावरून घेण्याचा नियम 2016 साली आला. माझ्या तक्त्याचीच ही मोठी आवृत्ती होती. तरी अजिबात नोंद नसण्यापेक्षा तपासता येणारी नोंद केव्हाही बरी, असे मी हिशेबतपासणीस म्हणून ठामपणे म्हणेन. निदान खोटे कुठे बोलले गेले ते दाखवता येते.

दुसऱ्या वेळी मी सहा जागा पाहिल्या, प्रत्येक जागी तीनदा गेले आणि एकदाही आधी फोन केला नाही. दुपारी तीनला गेले, कारण गोव्यात एक ते चार सगळे आडवे होते आणि त्या वेळी कोण जागे आहे हे कळते. सकाळी सहाला गेले, कारण रात्र कशी गेली हे तेव्हा चादरींवर लिहिलेले असते. आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशी गेले. चवथीला निम्मे कर्मचारी आपल्या गावी जातात. बदली माणसांची तजवीज केली आहे की उरलेल्यांवरच सगळे ढकलले आहे, हे त्या दिवशी लपत नाही. दोन ठिकाणी मला फाटकावरूनच परत पाठवले. भेटीची वेळ चार ते सहा असते, म्हणाले. ज्या घरात आपले माणूस राहते त्या घराला भेटीची वेळ असावी, हे मला मान्य नाही, आणि त्या दोन जागा मी तिथेच सोडल्या.

जी जागा शेवटी निवडली ती दिसायला साधी आहे. मंगलोरी कौलांचे जुने घर, पुढे बल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, मागे आंब्याची दोन झाडे, लादी ठिकठिकाणी उचकटलेली. आत शिरताना लघवीचा किंचित वास आला. दुसऱ्या भेटीत तो त्या जागी नव्हता, दुसरीकडे होता. माणसे राहतात तिथे वास येणारच. एकाच कोपऱ्यात प्रत्येक भेटीत येत राहिला तर तिथली गादी बदललेली नाही असे समजावे. आणि फिनेलचा भपकारा आला तर अधिक सावध व्हावे.

चालवणाऱ्या बाई स्वतः परिचारिका. मी विचारले, इथे माणसे पडतात का? आधीच्या प्रत्येक ठिकाणी या प्रश्नावर "नाही, आमच्याकडे कधीच नाही" असे उत्तर मिळाले होते. यांनी कपाटातून वही काढली. वर्षभरात अकरा जण पडले होते, तारीख, वेळ, जागा, कशाने, आणि त्यानंतर काय बदलले. पाच नोंदी पहाटेच्या, न्हाणीघराच्या वाटेवरच्या. सहाव्या पानावर लिहिले होते की त्या वाटेवर रात्रीचा दिवा आणि हाताचा कठडा लावला, आणि त्यानंतर त्या वाटेवर कोणी पडलेले नव्हते. अकरा पतनांची वही मला शून्य पतनांच्या शपथेपेक्षा विश्वासाची वाटली. मी सहज म्हणून ब्रेडन मोजपट्टीबद्दलही विचारले. 1987 साली दोन परिचारिकांनी ती प्रसिद्ध केली. संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, अंग हलवण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण देऊन बेडसोअरचा धोका ठरवतात, कमाल गुण तेवीस, अठरा किंवा त्याहून कमी असले तर धोका. त्यांना मोजपट्टीचे नाव ठाऊक होते, पण ते नसते तरी चालले असते, कारण त्यांनी लगेच चार खाटा दाखवल्या आणि या चौघांना कशाची भीती आहे व त्यासाठी काय करतो ते सांगितले. पावसाळ्यात वीज गेली तर हवेच्या गादीचा पंप बंद पडतो, मग काय करता? "इन्व्हर्टर आहे," त्या म्हणाल्या, "पण गादी आहे म्हणून आम्ही कूस बदलायचे थांबवत नाही. गादी मदतीला आहे."

मदतनीस तिथे बारा होत्या. मी प्रत्येकीला विचारले, इथे येऊन किती दिवस झाले? सात जणी चार वर्षांहून जास्त. माझ्या मते एवढ्या एका प्रश्नाने जितके कळते तितके दरपत्रकाच्या दहा पानांनी कळत नाही. जिथे पगार वेळेवर मिळतो, सुटी मिळते, कोणी ओरडत नाही, तिथे माणसे टिकतात. आणि जी टिकते तिलाच ठाऊक असते की या आजोबांना चहा बशीत ओतून लागतो आणि त्या आजी डाव्या कुशीवर झोपल्या की रडतात.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो आधी कोणीच विचारला नव्हता: यांना लोक काय म्हणून हाक मारायचे? मी म्हटले, बाई. पहिल्या घरात ती अकरा आठवडे "आजी" होती, खोलीतल्या इतर तिघींसारखी. इथे पहिल्या दिवसापासून ती बाई आहे. त्यांनी तिच्या मोजक्या शब्दांची यादी करून खाटेवर लावली: उदक, पेज, न्हाण, दुखता, देव. शेजारी मराठी आणि हिंदी अर्थ. उकड्या तांदळाची पेज सकाळी दहाला मिळते, सोबत करमलाचे लोणचे चिमूटभर, आणि मावशी ती खाते. वजन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी.

खानापूरची एक मदतनीस आहे, पस्तिशीची, मराठी बोलणारी. पक्षाघाताने वाक्ये विस्कटलेल्या माणसाला पाठ असलेल्या गोष्टी, म्हणजे आकडे, श्लोक, गाणी, बहुधा शाबूत राहतात, हे मला डॉक्टरांनी सांगितले होते. त्याचा उपयोग या बाईने शोधून काढला. कूस बदलताना मावशी घाबरून अंग ताठ करायची. ही तिच्या कानाशी म्हणते, "बाई, बेचा पाढा," आणि मावशी सुरू करते: बे एके बे, बे दुणे चार. बे पंचे दहापर्यंत अंग सैल पडते आणि दोघी मिळून तिला वळवतात. कोणत्याही तपासणीच्या नमुन्यात यासाठी रकाना नाही.

दोनाबेदियन अखेरच्या आजारात स्वतः रुग्ण म्हणून इस्पितळात पडले होते. त्या काळातल्या एका मुलाखतीत त्यांनी म्हटले की दर्जाचे रहस्य शेवटी प्रेमात आहे, आणि प्रेम असले म्हणजे तिथून मागे येत व्यवस्था तपासता आणि सुधारता येते. आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसाने हे म्हणावे, याचा मी पुष्कळ विचार केला. प्रेम झारखंडच्या त्या मुलीकडेही होते. तिच्याकडे एका शब्दाचा अर्थ नव्हता आणि पाच मिनिटे नव्हती. म्हणून मला त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

या घरातही सगळे आलबेल नाही. मावशीचा चष्मा हरवला, तो सापडायला दहा दिवस गेले. एकदा जेवण भरवताना तिला पुरेसे सरळ बसवले नव्हते आणि ठसका लागला. त्यांनी मला रात्री नऊला स्वतः फोन करून सांगितले आणि वहीत लिहिले. मी दर गुरुवारी जाते, वेळ बदलून. मी जाते म्हणून तिची काळजी अधिक घेतली जाते का, हा प्रश्न मला छळतो, कारण तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे कोणीच येत नाही. त्यांचा मुलगा तारवटी आहे, आठ-आठ महिने बोटीवर. पैसे वेळेवर येतात, माणूस येत नाही. मी त्या बाईंना विचारून त्यांच्याही टाचा पाहते. त्या दर वेळी आधी नाही म्हणतात, मग स्वतःच चादर वर करतात.

गेल्या गुरुवारी मी दुपारी तीनला गेले. टेबल आता डाव्या बाजूला असते. पेला अर्धा होता. मी मावशीचे मोजे काढले आणि डाव्या टाचेवर अंगठा दाबला. जागा पांढरी झाली. अंगठा उचलून मी मनात आकडे मोजू लागले आणि ओठ हलले असावेत, कारण उशीवरून मावशी म्हणाली, "बे दुणे चार." तोपर्यंत लाली परत आली होती. मग मी उजवी टाच हातात घेतली.